लंडनमध्ये किडनॅप झालेल्या डॉक्टरनं चीनची राजेशाही उलथवली, पण सत्ता मात्र सोडून दिली

गोष्ट आहे ऑक्टोबर १८९६ ची. लंडनमध्ये एका चिनी डॉक्टरला चीनच्या वकिलातीत कोंडून ठेवण्यात आलं. गुपचूप जहाजानं मायदेशी न्यायचं आणि तिथं शिक्षा द्यायची, असा बेत होता. पण वकिलातीतल्या एका इंग्रज नोकरामार्फत त्याची चिठ्ठी त्याचे जुने शिक्षक डॉ. जेम्स कँटली यांच्यापर्यंत पोहोचली. पेपरात बातमी फुटली, ब्रिटिश सरकारनं दबाव आणला आणि १२ दिवसांनी त्याची सुटका झाली.

हा डॉक्टर म्हणजे सन यत्-सेन.

त्यांचा जन्म १८६६ चा, ग्वांगडोंग प्रांतातल्या शेतकरी घरातला. तेराव्या वर्षी ते हवाईला मोठ्या भावाकडे गेले आणि तिथं इंग्रजी शाळेत शिकले. १८९२ मध्ये हाँगकाँगमधून डॉक्टर झाले. १८९४ मध्ये त्यांनी सुधारणा सुचवणारा अर्ज बडे अधिकारी ली होंगझांग यांना पाठवला. कुणी दाद दिली नाही. त्याच वर्षी जपाननं चीनशी युद्ध पुकारलं, चीनचा पराभव होत गेला आणि सन यांनी क्रांतिकारी संघटना काढली. १८९५ चा ग्वांगझूचा उठाव फसला आणि त्यांना देश सोडावा लागला.

पुढची १६ वर्षं परदेशात गेली. परदेशातल्या चिनी लोकांकडून वर्गणी गोळा करायची, उठाव करायचा, तो फसला की पुन्हा सुरुवात. १९०५ मध्ये टोकियोत वेगवेगळे गट एकत्र आले. सन यांनी तीन तत्त्वं मांडली. राष्ट्रवाद, म्हणजे मांचू राजवट आणि परकीय वर्चस्वातून सुटका. लोकशाही, म्हणजे सम्राटाऐवजी लोकांचं राज्य. आणि लोकांची उपजीविका, म्हणजे जमिनीच्या वाढत्या किमतीचा फायदा मूठभरांना न मिळता समाजाला मिळावा.

१० ऑक्टोबर १९११ ला वुचांगमध्ये सैनिकांनी बंड केलं. तेव्हा सन अमेरिकेत होते, त्यांना बातमी पेपरातून कळली. १ जानेवारी १९१२ ला ते प्रजासत्ताकाचे हंगामी अध्यक्ष झाले.

पण खरी अडचण इथंच होती. त्यांच्याकडे विचार होता, फौज नव्हती. फौज होती सेनानी युआन शिकाई यांच्याकडे. यादवी टाळण्यासाठी सौदा झाला. युआन यांनी सहा वर्षांच्या सम्राट पुयीला पदत्याग करायला लावायचं आणि सन यांनी अध्यक्षपद सोडायचं. दोघांनी शब्द पाळला. पण १९१५ मध्ये युआन स्वतःच सम्राट व्हायला निघाले. पुढं देश लष्करी सरदारांमध्ये वाटला गेला.

यातून सन एक धडा शिकले. १९२३ मध्ये त्यांनी सोव्हिएत रशियाची मदत घेतली, कम्युनिस्टांना सोबत घेतलं आणि १९२४ मध्ये व्हाम्पोआ लष्करी अकादमी उभारली. प्रमुख होते चँग कै-शेक, तर राजकीय विभागात चाऊ एन-लाय.

१२ मार्च १९२५ ला बीजिंगमध्ये कर्करोगानं सन यांचं निधन झालं. देश तेव्हाही विभागलेलाच होता. दोनच वर्षांत चँग यांनी कम्युनिस्टांवर शस्त्र उगारलं आणि एकाच अकादमीत काम केलेली माणसं एकमेकांची शत्रू झाली.

आज चीन आणि तैवान एकमेकांसमोर उभे आहेत. सन यत्-सेन यांना मात्र दोघंही आपलं मानतात.