बातमीचे भाडे कोण भरतो?

ॲल्युमिनियमचा धंदा आणि वृत्तस्वातंत्र्य यांचा परस्परांशी काही संबंध असेल असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. अमेरिकन दूरचित्रवाणीवरील थोर वृत्तनिवेदक एडवर्ड मर्रो यांच्या आयुष्यात मात्र तो संबंध फार निकटचा होता.

मर्रो यांचा जन्म २५ एप्रिल १९०८ रोजी नॉर्थ कॅरोलायनातील एका क्वेकर शेतकरी कुटुंबात झाला. पुढे हे कुटुंब पश्चिमेकडे वॉशिंग्टन राज्यात गेले. तेथे लाकूडतोडीच्या तळांवर कष्ट करीत त्यांनी १९३० साली पदवी मिळविली. वृत्तपत्रात उमेदवारी त्यांनी कधी केली नाही. नाझी राजवटीने बडतर्फ केलेल्या जर्मन प्राध्यापकांना अमेरिकेत आसरा मिळवून देणाऱ्या समितीचे ते सहायक चिटणीस होते. १९३५ साली ते सीबीएस या नभोवाणी कंपनीत गेले आणि १९३७ साली भाषणांचे कार्यक्रम ठरविण्यासाठी लंडनला रवाना झाले. मार्च १९३८ मध्ये हिटलरने ऑस्ट्रिया गिळंकृत केला, तेव्हा व्हिएन्नाहून वृत्त सांगण्याचे काम त्यांच्याच गळ्यात पडले, आणि व्यवस्थापकाचा वार्ताहर झाला. १९४० च्या बाँबवर्षावात लंडनच्या गच्च्यांवरून ते बोलत. निवाऱ्याकडे जाणाऱ्या लोकांच्या पावलांचा आवाजही त्यांनी एकदा अमेरिकेतील घराघरांत पोहोचविला. एप्रिल १९४५ मध्ये बुखेनवाल्डच्या छळछावणीत त्यांनी जे पाहिले, तेही त्यांनी कोणताही आडपडदा न ठेवता सांगितले.

दूरचित्रवाणीवर ते आले ते १८ नोव्हेंबर १९५१ रोजी, फ्रेड फ्रेंडली यांच्या साहाय्याने सुरू केलेल्या ‘सी इट नाऊ’ या कार्यक्रमातून. खर्चाचा भार ‘अल्कोआ’ या ॲल्युमिनियम कंपनीने उचलला होता. हे औदार्य निर्हेतुक नव्हते. १९४५ साली न्यायालयाने ही कंपनी मक्तेदार असल्याचा निर्णय दिला होता आणि तिला लोकांत गेलेली पत सावरायची होती. शिवाय तिचे मुख्य ग्राहक कारखानदार. साबण किंवा सिगारेट विकणाऱ्याप्रमाणे दर आठवड्याला गृहिणींची मर्जी राखण्याची गरज तिला नव्हती. बाजारपेठेच्या रचनेत अपघातानेच निर्माण झालेल्या या फटीत मर्रो यांचे स्वातंत्र्य उभे होते. त्यांच्या धैर्याला यामुळे उणेपणा येत नाही. पण निव्वळ धैर्यावर अर्ध्या तासाचे प्रक्षेपण होत नसते.

या स्वातंत्र्याचा सर्वांत मोठा उपयोग ९ मार्च १९५४ रोजी झाला. सिनेटर जोसेफ मॅकार्थी गेली चार वर्षे कोणावरही कम्युनिस्टधार्जिणेपणाचा शिक्का मारून लोकांना जीवनातून उठवीत होते. मर्रो यांनी त्यांच्याच भाषणांच्या चित्रफिती दाखविल्या आणि त्यांतील विसंगती उघड्या केल्या. कार्यक्रमाची जाहिरात देण्यास सीबीएसने नकार दिला, तेव्हा मर्रो व फ्रेंडली यांनी ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये ती पदरमोड करून दिली. त्याच वर्षी डिसेंबरात सिनेटने मॅकार्थींचा ६७ विरुद्ध २२ मतांनी निषेध केला. एकट्या मर्रो यांनी मॅकार्थींना पाडले, हे मात्र खरे नव्हे. सैन्यदलाशी झालेल्या जाहीर चौकशीत मॅकार्थी स्वतःच उघडे पडले होते. शिवाय १९५० साली सीबीएसने नोकरांकडून निष्ठेची लेखी हमी मागितली, तेव्हा मर्रो यांनीही मुकाट्याने सही केली होती.

१९५५ साली अल्कोआने हात आखडता घेतला. त्याच वर्षी जूनमध्ये ‘सी इट नाऊ’च्या लगतच आधी चौसष्ट हजार डॉलर्सच्या बक्षिसाची प्रश्नोत्तरांची स्पर्धा सुरू झाली आणि तिने देशाला वेड लावले. आता त्या लगतच्या अर्ध्या तासाचे मोल एकदम वाढले. अर्थशास्त्रात ज्याला पर्यायी खर्च म्हणतात तो येथे मूर्तिमंत दिसतो: मर्रो यांचा कार्यक्रम काही महाग झाला नव्हता, तो ठेवल्याने बुडणारे उत्पन्न महाग झाले होते. साप्ताहिक कार्यक्रम प्रासंगिक झाला आणि १९५८ साली बंद पडला. त्याच वर्षी अशा स्पर्धांपैकी काहींतील उत्तरे आधीच पढविलेली असत हे चव्हाट्यावर आले, हा काव्यगत न्याय फार उशिरा आला.

ऑक्टोबर १९५८ मध्ये शिकागो येथे वृत्तसंचालकांच्या सभेत मर्रो यांनी आपल्याच धन्यांना खडे बोल सुनावले. मोठ्या कंपन्यांनी आपल्या ठरलेल्या वेळेतील थोडा भाग गंभीर विषयांसाठी सोडावा, अशी त्यांची सूचना होती. बाजार मोडा असे ते म्हणत नव्हते. बाजाराकडूनच थोडी वर्गणी मागत होते. ती मिळाली नाही, सीबीएसचे प्रमुख विल्यम पेली यांच्याशी असलेला जुना स्नेह मात्र तुटला. खुद्द मर्रोही १९५३ पासून ‘पर्सन टु पर्सन’ या कार्यक्रमात नामवंतांच्या घरांतून गप्पा मारून भरपूर पैसा मिळवीत होते, हे येथे नमूद करायला हवे.

नोव्हेंबर १९६० मध्ये स्थलांतरित शेतमजुरांच्या हलाखीवरील ‘हार्वेस्ट ऑफ शेम’ हा त्यांचा अनुबोधपट दाखविला गेला. दोनच महिन्यांनी केनेडींनी त्यांना सरकारच्या माहिती खात्याचे प्रमुख नेमले. आणि हाच अनुबोधपट ब्रिटनमध्ये दाखवू नये अशी गळ मर्रो यांनी बीबीसीला घातली. जाहिरातदाराला न दबलेला माणूस सरकारी खुर्चीत बसताच महिन्या-दोन महिन्यांत स्वतःच्याच कामावर पडदा टाकू पाहत होता. बीबीसीने त्यांचे ऐकले नाही.

सिगारेट आणि फुप्फुसाचा कर्करोग यांवर मर्रो यांनी १९५५ साली कार्यक्रम केला होता. स्वतःची सिगारेट मात्र सुटली नाही. १९६३ साली त्यांचे एक फुप्फुस काढावे लागले आणि २७ एप्रिल १९६५ रोजी, सत्तावन्न वर्षे पूर्ण झाल्यावर दोनच दिवसांनी, त्यांचे निधन झाले.