धनंजयराव गाडगीळ

गोदावरीच्या तीरावर वसलेल्या नाशिक नगरीत १० एप्रिल १९०१ रोजी धनंजय रामचंद्र गाडगीळ यांचा जन्म झाला. त्यांचे शालेय शिक्षण नागपुरास झाले. पुढे उच्च शिक्षणासाठी ते इंग्लंडमधील केंब्रिज विद्यापीठात गेले. तेथे त्यांनी भारतातील उद्योगधंद्यांच्या वाढीचा सखोल अभ्यास केला. या विषयावरील त्यांच्या इंग्रजी ग्रंथाने तरुण वयातच त्यांची कीर्ती सर्वत्र पसरली. १९३० मध्ये पुण्यास गोखले अर्थशास्त्र संस्था स्थापन झाली आणि तिची धुरा धनंजयरावांनी अनेक वर्षे वाहिली.

परंतु केवळ ग्रंथांत रमणारे पंडित ते नव्हते. त्या काळी प्रवरा नदीच्या कालव्यांवर शेतकरी ऊस पिकवीत. त्याचा गूळ करून ते बाजारात नेत. गुळाचा भाव मात्र त्यांच्या हाती नव्हता. भाव कोसळला की वर्षभराचे कष्ट मातीस मिळत व सावकाराचे कर्ज वाढत जाई. आपला ऊस आपल्याच कारखान्यात गाळला तर ही परवशता सुटेल, असा विचार लोणी येथील विठ्ठलराव विखे पाटील यांच्या मनात घोळत होता. विठ्ठलरावांचे शालेय शिक्षण बेताचेच होते. पण गावात सहकारी पतपेढी चालवून त्यांनी लोकांचा विश्वास संपादन केला होता.

धनंजयरावांनी या विचाराला शास्त्राचे बळ दिले. तथापि कार्य सोपे नव्हते. कारखान्याला लाखो रुपये हवे होते आणि शेतकऱ्यांच्या गाठीशी पैसा नव्हता. शेतकऱ्यांना कारखाना चालविता येईल काय, अशी शंका अनेकांना वाटे. विठ्ठलराव गावोगाव फिरले. कष्टाचा पैसा बुडाला तर काय, ही भीती मनात असूनही लोकांनी भाग घेतले. सरकारनेही भांडवलास हातभार लावला. धनंजयराव कारखान्याचे पहिले अध्यक्ष झाले आणि १९५०-५१ च्या हंगामात प्रवरानगरला उसाचे गाळप सुरू झाले.

या यशाचे मर्म कशात होते? ऊस पिकविणारा शेतकरीच कारखान्याचा मालक होता. त्यामुळे कारखान्याला ऊस मिळे आणि शेतकऱ्याला योग्य भाव मिळे. ज्याचे भाग अधिक त्यालाही एकच मत व ज्याचे भाग थोडे त्यालाही एकच मत, हा सहकाराचा नियम होता. चोख हिशेब, जाणकारांचा सल्ला आणि सभासदांचा परस्परांवरील विश्वास हे त्याचे तीन आधारस्तंभ होते. यांपैकी एक जरी ढासळला, तरी संस्था टिकत नाही.

पुढे अध्यक्षपद विठ्ठलरावांकडे आले. विद्वानाने घडविलेली संस्था शेतकऱ्यानेही समर्थपणे चालविली. लोणीचा कित्ता गिरवून महाराष्ट्रात ठिकठिकाणी सहकारी कारखाने उभे राहिले.

१९६७ मध्ये धनंजयराव भारताच्या नियोजन मंडळाचे उपाध्यक्ष झाले. ३ मे १९७१ रोजी त्यांचे निधन झाले.

प्रवरा नदी वाहत जाऊन अखेर गोदावरीस मिळते. त्याचप्रमाणे गोदातीरी जन्मलेल्या पंडिताची विद्या आणि प्रवरातीरीच्या शेतकऱ्याचे कष्ट यांचा येथे संगम झाला. विद्येला श्रमाची आणि श्रमाला विद्येची जोड लाभली, म्हणजे सामान्य माणसेही असामान्य कार्य करून दाखवितात.