सी. रामचंद्र : विनोदी गीताचा लोकप्रवास

लोकगीताचा कर्ता बहुधा अज्ञात असतो, हे आपण मागील घटकात पाहिले. चित्रपटगीताचा कर्ता मात्र ज्ञात असतो. तरीही काही गीते कर्त्याच्या हातून सुटून लोकांची होतात. हे कसे घडते, ते संगीतकार सी. रामचंद्र यांच्या चरित्राच्या आधारे समजून घेऊ.

रामचंद्र नरहर चितळकर यांचा जन्म १२ जानेवारी १९१८ रोजी तत्कालीन अहमदनगर जिल्ह्यातील पुणतांबे येथे झाला. विनायकबुवा पटवर्धन यांच्याकडे ते शास्त्रीय गायन शिकले. १९३५ मध्ये त्यांनी 'नागानंद' या चित्रपटात भूमिका केली. परंतु अभिनयात जम बसला नाही. पुढे ते मिनर्व्हा मूव्हीटोनमध्ये हार्मोनियमची साथ करू लागले. भगवान यांच्या 'सुखी जीवन' (१९४२) या चित्रपटाने त्यांना संगीतकार म्हणून ओळख दिली.

'शहनाई' (१९४७), 'पतंगा' (१९४९) आणि 'अलबेला' (१९५१) या चित्रपटांतील त्यांची खेळकर गीते घरोघरी पोहोचली. सॅक्सोफोन, ट्रम्पेट, बोंगो ही वाद्ये त्यांनी देशी ठेक्याशी जुळवली. 'चितळकर' या नावाने स्वतः गायनही केले. 'अलबेला'तील भगवान यांची नृत्यशैली तर वरातीत आणि गणेश मिरवणुकीत उतरली.

अशा संगीताकडे सर्वांनी कौतुकाने पाहिले, असे मात्र नाही. १९५२ मध्ये माहिती व नभोवाणी मंत्री बाळकृष्ण केसकर यांच्या धोरणामुळे आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ नाहीशी झाली. श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले. १९५७ मध्ये 'विविध भारती' सुरू झाली. त्याच वर्षी 'आशा' हा चित्रपट आला आणि त्यातील 'ईना मीना डीका' हे गीत सर्वतोमुखी झाले.

राजेंद्र कृष्ण यांच्या नावावरील हे गीत किशोरकुमार आणि आशा भोसले यांनी स्वतंत्रपणे गायिले. मुलांच्या खेळातून ते सुचले, असे सांगितले जाते. त्याची रचना पाहा. खेळात राज्य कोणावर, हे ठरवताना मुले जे निरर्थक शब्द म्हणतात, त्यांचाच हा विस्तार आहे. मध्येच नकार दर्शवणारे कोकणी शब्दही येतात. येथे अर्थापेक्षा नाद प्रधान आहे. यमक आणि आघात स्मरणाला आधार देतात. म्हणूनच हे गीत म्हणण्यासाठी कोणतीही विशिष्ट भाषा यावी लागत नाही.

आपल्या परभणी जिल्ह्याच्या संदर्भात याचा विचार करा. १९५६ मध्ये हैदराबाद राज्यातून मुंबई राज्यात आलेल्या या जिल्ह्यात मराठी, उर्दू आणि दखनी शेजारी शेजारी नांदत होत्या. अशा बहुभाषिक समाजात निरर्थक शब्द कोणालाच परके नसतात. ते सर्वांचे सारखेच असतात.

याच संगीतकाराने कवी प्रदीप यांच्या 'ऐ मेरे वतन के लोगो' या गीताला चाल दिली. २७ जानेवारी १९६३ रोजी लता मंगेशकर यांनी ते दिल्लीत गायिले. ५ जानेवारी १९८२ रोजी सी. रामचंद्र यांचे निधन झाले. त्यांचे गंभीर गीत राष्ट्रीय समारंभात आदराने ऐकले जाते. विनोदी गीत मात्र लोक स्वतः गातात, बदलतात आणि पुढच्या पिढीला देतात. म्हणून संस्कृतीच्या अभ्यासात विनोदी गीत दुय्यम मानता येणार नाही.

स्वाध्याय : आपल्या गावातील मुलांच्या खेळात ऐकू येणारे निरर्थक शब्द नोंदवा. त्यांतील कोणते शब्द चित्रपटगीतांतून आले असावेत, याची सकारण चर्चा करा.