रिपेअर की रिप्लेस? बर्ट मन्रोची गोष्ट

मित्रांनो, आधीच सांगून टाकतो, माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. त्यामुळे काना-मात्रा इकडचा तिकडे झाला तर समजून घ्या!

दिवाळीच्या सुट्टीत घरी गेलो तर बाबांची बाइक धूर सोडत होती. ती बाइक आणि मी एकाच वयाचे, म्हणजे वीस वर्षांचे. मेकॅनिकने हेड उतरवलं, दोन मिनिटं उलटंसुलटं करून पाहिलं आणि नवीन टाकायला सांगितलं. बाबांचं म्हणणं वेगळं. मुलगा मेकॅनिकलला शिकतोय, मग साधं हेड रिपेअर का होऊ नये? मी गप्प! ऑटो सायकल, डिझेल सायकल, सगळे डायग्राम पाठ होते. पण झिजलेलं हेड हातात घेऊन निर्णय कसा घ्यायचा, हे कुठल्याच पेपरात आलं नव्हतं.

तेव्हा मला बर्ट मन्रो आठवला.

हॉस्टेलवर बऱ्याच जणांनी 'द वर्ल्ड्ज फास्टेस्ट इंडियन' हा २००५ सालचा पिक्चर पाहिला असेल. नाव ऐकून वाटतं की कोणी आपला माणूस असेल. पण हा इंडियन म्हणजे अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यात बनलेली 'इंडियन' कंपनीची मोटारसायकल, आणि ती चालवणारा बर्ट न्यूझीलंडचा. पिक्चरमध्ये अँथनी हॉपकिन्सने त्याचं काम मस्त केलंय. पण खरी मजा त्याच्या वर्कशॉपमध्ये आहे, आणि ती पिक्चरमध्ये थोडीच दिसते.

हर्बर्ट जेम्स मन्रोचा जन्म २५ मार्च १८९९ चा, न्यूझीलंडच्या दक्षिण टोकाला असलेल्या इन्व्हरकार्गिलचा. घरची शेती होती, पण याचं मन शेतात कमी आणि वेगात जास्त. १९२० मध्ये त्याने नवीकोरी इंडियन स्काउट घेतली. इंजिन नंबर 50आर627. व्ही-ट्विन इंजिन, सुमारे ६०० सीसी, टॉप स्पीड ताशी ८९ किलोमीटरच्या आसपास. त्या काळात ही गाडी चांगलीच म्हणायची. बर्टला मात्र ती हळू वाटली. १९२६ पासून त्याने ती खोलायला सुरुवात केली, आणि पुढची चाळीसहून जास्त वर्षं ती पूर्ण 'झाली' असं कधी झालंच नाही.

आता थोडं टेक्निकल. कंटाळू नका!

स्काउटचं मूळ इंजिन साइड व्हॉल्व्ह. म्हणजे व्हॉल्व्ह सिलिंडरच्या शेजारी बसवलेले आणि हेड म्हणजे वरून ठेवलेलं नुसतं झाकण. असं हेड बनवायला सोपं, रिपेअरला त्याहून सोपं. कार्बन खरवडा, फेस घासून सपाट करा, नवीन गॅस्केट टाका, झालं. पण मिश्रणाला वळसा घालून आत जावं लागतं, म्हणून इंजिनाला नीट श्वास घेता येत नाही. कॉम्प्रेशन रेशोही फार वाढवता येत नाही. बर्टने हे ओळखलं. झाकण कितीही छान घासलं तरी ते झाकणच राहणार! म्हणून त्याने इंजिन ओव्हरहेड व्हॉल्व्हचं केलं, म्हणजे व्हॉल्व्ह पिस्टनच्या डोक्यावर, हेडमध्येच आणले. बाजारातून आणून नाही, स्वतः बनवून. नंतर कॅमही दोनाचे चार केले.

मला इथे पहिला धडा मिळाला. आपण विचारतो, रिपेअर की रिप्लेस? बर्ट त्याच्या आधी विचारायचा, हा पार्ट कमी का पडला? झिजला म्हणून, की त्याचं डिझाइनच या कामाचं नव्हतं म्हणून? झिजला असेल तर दुरुस्ती. डिझाइनच चुकीचं असेल तर दुरुस्ती करून उपयोग नाही, आणि तसाच नवीन पार्ट आणूनही नाही.

पैसे त्याच्याकडे नव्हते. मंदीच्या काळात तो घरच्या शेतावर परतला होता, मग मोटारसायकलचा सेल्समन आणि मेकॅनिक म्हणून नोकरीला लागला. दिवसा लोकांच्या गाड्या, रात्री आपली. पिस्टनसाठी भंगारातलं ॲल्युमिनियम वितळवायचं, साच्याला जुने डबे. सिलिंडर जुन्या ओतीव लोखंडी पाइपातून. कनेक्टिंग रॉड कॅटरपिलर ट्रॅक्टरच्या ॲक्सलमधून हाताने कोरलेले. मायक्रोमीटरच्या जागी चाकाच्या जुन्या स्पोकपासून केलेलं गेज! आपल्याकडे लॅबमध्ये व्हर्निअर मिळाला नाही तर आपण प्रॅक्टिकल पुढे ढकलतो. असो.

अर्थात हे सगळं पहिल्या झटक्यात जमलं असं अजिबात नाही. इंजिन ६०० वरून वाढत वाढत ९५० सीसीपर्यंत गेलं. ताकद वाढली की उष्णता वाढते, प्रत्येक पार्टवरचा ताण वाढतो, आणि आज धरलेला पार्ट उद्या सुटतो. पिस्टन जळायचे, रॉड तुटायचे. फुटलेले पार्ट त्याने फेकले नाहीत. एका शेल्फवर मांडून ठेवले आणि वेगाच्या देवाला वाहिलेला नैवेद्य असं त्या शेल्फला नाव दिलं. वाचताना गंमत वाटते, पण ते शेल्फ म्हणजे त्याचं फेल्युअर ॲनालिसिसचं पुस्तकच होतं.

याची किंमत मात्र पिक्चरपेक्षा खरी होती. १९२७ मध्ये लग्न झालं, चार मुलं झाली आणि १९४७ मध्ये घटस्फोट. पुढे नोकरीही सोडली आणि गॅरेजमध्येच गाडीशेजारी राहू लागला. त्याच्या हिशोबात मजुरी फुकट होती, कारण ती त्याची स्वतःची होती. पण ती खरंच फुकट होती का? घरातल्यांनी ती भरलीच ना?

वेग तर वाढत होता. १९५७ मध्ये इन्व्हरकार्गिलजवळच्या ओरेटी बीचवर ताशी सुमारे २११ किलोमीटर, न्यूझीलंडचा बीच रेकॉर्ड. मग अमेरिकेतलं युटाहमधलं बॉनव्हिल, मिठाचं पसरट मैदान. १९६२ मध्ये, वयाच्या ६३ व्या वर्षी, ८८३ सीसी क्लासचा विक्रम, ताशी २८८ किलोमीटर. १९६६ मध्ये आणखी एक. १९६७ मध्ये तिसरा, १००० सीसीच्या क्लासमध्ये. तेव्हा स्वार ६८ वर्षांचा आणि गाडी ४७ वर्षांची! पात्रता फेरीत तर एका दिशेने ३०५ च्या पुढे गेला होता.

शेवटी हृदयाने साथ सोडली. ६ जानेवारी १९७८ ला तो गेला. त्याची गाडी इन्व्हरकार्गिलमधल्या एका हार्डवेअरच्या दुकानात लोकांना पाहायला ठेवली. पण गोष्ट संपली नाही. १९६७ च्या रेकॉर्डची सरासरी काढताना चूक झाल्याचं त्याच्या मुलाच्या लक्षात आलं, आणि २०१४ मध्ये आकडा ताशी २९५.४५ वरून २९६.२६ किलोमीटर झाला. ॲव्हरेज काढताना कॅल्क्युलेटर दोनदा दाबावा, तो असा!

आता बाबांच्या हेडकडे येऊ. मी ते घेऊन कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये आलो. आधी साफ केलं. मग स्ट्रेट एज ठेवून फीलर गेज घातला. लिमिट ०.०५ मिमी, गॅप निघाला ०.०८. म्हणजे थोडं वाकलंय, पण फेसिंग करून वाचेल. व्हॉल्व्ह गाइड सैल होते, तेही बदलता येतात. मनात म्हटलं, बर्ट खूश झाला असता. मग सरांनी डाय पेनिट्रंट करायला सांगितलं. लाल रंग लावा, पुसा, पांढरा डेव्हलपर मारा, थांबा. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह सीटपासून प्लगच्या होलपर्यंत केसासारखी लाल रेघ उमटली. क्रॅक!

सीट आणि प्लगच्या मधली जागा हेडची सगळ्यात तापणारी. तिथे वेल्डिंग करायचं तर सीट हलण्याची भीती, आणि पुन्हा फाटलं तर बाबा हायवेवर. हेड बदललं. म्हणजे मेकॅनिक बरोबरच होता. फरक इतकाच की त्याने नजरेने सांगितलं आणि मला आता कारण माहीत आहे. बाबांनाही ती लाल रेघ दाखवली, मग त्यांची काही तक्रार राहिली नाही.

जुनं हेड भंगारात दिलं नाही. हॉस्टेलच्या खोलीत पुस्तकांच्या रॅकवर ठेवलंय. रूममेट त्यात नाणी ठेवतो. मी मात्र त्याला नैवेद्यच म्हणतो.

– तिसरे वर्ष, मेकॅनिकल