विजय सॅम्युएल हजारे

सायंकाळ झाली की वटार, सत्पाळे, राजोडी या बाजूच्या वाड्यांतील मुले बॅट व चेंडू घेऊन मोकळ्या जागेकडे धाव घेतात. त्यांस व त्यांच्या वडीलधाऱ्यांस विजय सॅम्युएल हजारे यांचे चरित्र ठाऊक असावे, या हेतूने आम्ही ते थोडक्यात सांगत आहो.

हजारे यांचा जन्म ११ मार्च १९१५ रोजी सांगली येथे एका मराठी ख्रिस्ती कुटुंबात झाला. वडील शाळामास्तर आणि घरात आठ मुले; तेव्हा संसार कसा चालत असेल, हे आमच्या उपदेशक बंधूंस निराळे सांगावयास नको. त्या काळी आपल्या देशात केवळ खेळावर पोट भरत नसे. चांगल्या खेळाडूस एखाद्या संस्थानिकाच्या पदरी नोकरी मिळे, व तो त्या संस्थानाकडून खेळे. हजारे यांचेही असेच झाले, आणि विरारावरून उत्तरेस जाणाऱ्या लोहमार्गावरील बडोदे हे त्यांचे घर झाले. ऑस्ट्रेलियाचे नामांकित गोलंदाज क्लॅरी ग्रिमेट यांजकडून त्यांस शिक्षण मिळाले. हजारे दोन्ही पायांच्या मध्ये बॅट दाबून धरून उभे राहत. ती ढब पाहण्यास बरी नव्हती. तथापि ग्रिमेट यांनी ती बदलू नये असाच सल्ला दिला.

मुंबईत त्या वेळी धर्मवार संघांचे सामने होत. हिंदू, मुसलमान, पारशी व युरोपियन असे चार संघ होते. १९३७ पासून त्यांत पाचव्याची भर पडली, व त्याचे नाव ‘इतर’ असे ठेविले. हिंदी ख्रिस्ती, यहुदी, बौद्ध, म्हणजे वाटणी करून जे उरले ते सर्व, या संघात. महात्मा गांधींनी १९४० साली असल्या धर्मवार खेळाविषयी नापसंती दर्शविली, आणि ती रास्त होती असे आम्हांस वाटते. परंतु हजारे यांस मुंबईच्या त्या मैदानावर उतरण्यास दुसरे दार नव्हते.

१९४३ साली त्यांनी मुसलमान संघाविरुद्ध २४८ धावा केल्या. या स्पर्धेत एवढ्या धावा पूर्वी कोणी केल्या नव्हत्या. अंतिम सामन्यात हिंदू संघाच्या विजय मर्चंट यांनी नाबाद २५० करून तो विक्रम मोडिला, आणि हिंदूंनी ५ गडी बाद ५८१ वर डाव सोडिला. ‘इतरां’चा पहिला डाव १३३ धावांत आटोपला, त्यांत ५९ हजारे यांच्या. दुसऱ्या डावात ६० धावांत पाच गडी गेले. तेव्हा त्यांचे बंधू विवेक मैदानात आले. उभयतांनी ३०० धावांची जोड केली, तीत विवेक यांचा वाटा केवळ २१ धावांचा. त्यांचे काम दुसरे टोक धरून ठेवण्याचे होते, आणि ते त्यांनी चोख बजाविले. थोरले बंधू ३०९ वर बाद झाले. सगळ्या संघाच्या धावा ३८७! सामना एक डाव व ६१ धावांनी गेला, ही गोष्ट लपविण्याचे कारण नाही.

१९४६ नंतर ते धर्मवार सामने बंद पडले. मार्च १९४७ मध्ये, देशात हिंदू-मुसलमानांचे दंगे माजले असता, बडोद्यास रणजी करंडकाचा अंतिम सामना झाला. होळकर संघाविरुद्ध हजारे व गुल महंमद यांनी चौथ्या गड्यासाठी ५७७ धावा जोडिल्या. एक ख्रिस्ती, दुसरा मुसलमान, आणि दोघेही बडोद्याचे. गुल महंमद यांच्या ३१९, हजारे यांच्या २८८. चौथ्या गड्याचा तो विक्रम आजही उभा आहे.

पुढे जानेवारी १९४८ मध्ये अ‍ॅडिलेड येथे ऑस्ट्रेलियाविरुद्ध त्यांनी एकाच कसोटीत ११६ व १४५ धावा केल्या. दुसऱ्या डावात त्यांचे सहा सोबती शून्यावर बाद झाले होते. १९५१ साली ते देशाचे कर्णधार झाले. फेब्रुवारी १९५२ मध्ये मद्रास येथे इंग्लंडवर एक डाव व ८ धावांनी जय मिळाला. १९३२ पासून कसोटी खेळणाऱ्या आपल्या देशाचा हा पहिलाच जय, आणि तो शाळामास्तरांच्या या मुलाच्या नेतृत्वाखाली. खरा पराक्रम गोलंदाज विनू मंकड यांचा. त्यांनी दोन डावांत बारा गडी बाद केले.

१९६० साली हजारे यांस पद्मश्री मिळाली. एकंदर ३० कसोट्यांत त्यांनी २,१९२ धावा केल्या. आज देशांतर्गत एकदिवसीय सामन्यांची जी स्पर्धा त्यांच्या नावाने भरते, तीत मुख्यत्वे राज्यवार संघ उतरतात. १८ डिसेंबर २००४ रोजी, वयाच्या ८९ व्या वर्षी, ते बडोदे येथे निवर्तले.