आकाशवाणीची ती धून, नाझींमुळे युरोप सोडून आलेल्या संगीतकाराची

बुलढाणा जिल्ह्यातलं खामगाव असो, मेहकर असो की चिखली, ज्या घरात रेडिओ होता तिथली सकाळ आकाशवाणीच्या त्या धूननंच उजाडायची. मागे तंबोरा आणि वर व्हायोलिन. बातम्या विसरल्या, पण ती धून आजही लोकांच्या डोक्यात आहे.

शिवरंजनी रागातल्या या धूनचं श्रेय जातं वॉल्टर कॉफमन यांना. आणि हे कॉफमन भारतीय नव्हते.

त्यांचा जन्म १९०७ साली कार्ल्सबाडमधल्या एका ज्यू कुटुंबात झाला. हे गाव आज चेक प्रजासत्ताकात आहे. बर्लिनमध्ये संगीताचं शिक्षण झालं, मग प्रागमध्ये त्यांनी संगीतकार गुस्ताव महलर यांच्यावर प्रबंध लिहिला. पण आपले मार्गदर्शक प्राध्यापक नाझींच्या संघटनेत आहेत हे कळलं, आणि त्यांनी ती डॉक्टरेटच नाकारली.

१९३३ ला हिटलर सत्तेत आला. १९३४ साली कॉफमन मुंबईत उतरले. भारताचा व्हिसा सहज मिळत होता, हे त्यामागचं साधं कारण.

इथलं संगीत त्यांनी पहिल्यांदा रेकॉर्डवर ऐकलं, तेव्हा त्यांना काहीच कळलं नव्हतं. पण कोट्यवधी लोकांना जे आवडतं ते वाईट कसं असेल, असा विचार त्यांनी केला. कमी आपल्या कानात आहे असं मानून ते शिकायला बसले.

मुंबईत त्यांनी बॉम्बे चेंबर म्युझिक सोसायटी काढली. दर गुरुवारी विलिंग्डन जिमखान्यात कार्यक्रम व्हायचे. पियानोवर स्वतः कॉफमन आणि व्हायोलिनवर मेहली मेहता, म्हणजे झुबिन मेहता यांचे वडील. आकाशवाणीच्या धूनमधलं व्हायोलिनही मेहलींचंच असल्याचं सांगितलं जातं.

पोटापाण्यासाठी सिनेमाही होता. बोलपट येऊन तीनच वर्षं झाली होती आणि संगीत देणारी माणसं हवी होती. जर्मनीत सिनेमा शिकून आलेले दिग्दर्शक मोहन भवनानी यांच्या कंपनीसाठी कॉफमन यांनी काम केलं. पुढे इन्फर्मेशन फिल्म्स ऑफ इंडियाच्या माहितीपटांनाही संगीत दिलं.

सिनेमातल्या या ओळखीनं एका मित्राचा जीव वाचला. बर्लिनचे ज्यू पटकथाकार विली हास नाझींपासून पळत होते. कॉफमन यांनी खटपट केली, भवनानींनी काम दिलं आणि १९३९ साली हास मुंबईत पोचले.

१९३७ पासून कॉफमन मुंबई रेडिओवर पाश्चात्त्य संगीताचा विभाग सांभाळत होते. १९४६ साली त्यांनी भारत सोडला. आधी इंग्लंड, मग कॅनडातल्या विनिपेगचा ऑर्केस्ट्रा आणि शेवटी अमेरिकेत इंडियाना विद्यापीठात प्राध्यापकी. १९८४ साली तिथेच त्यांचं निधन झालं.

भारतात ते राहिले १२ वर्षं, पण इथल्या रागांचा अभ्यास त्यानंतरही सुटला नाही. १९६८ साली उत्तर भारतीय रागांवर आणि १९७६ साली दक्षिण भारतीय रागांवर त्यांचे मोठे ग्रंथ आले. ज्या संगीतातलं सुरुवातीला काहीच कळलं नव्हतं, तेच ते अमेरिकेत बसून जगाला समजावून सांगत होते.