धन्वंतरी डॉ. भाऊ दाजी लाड

मुंबईस भायखळ्याच्या राणीच्या बागेत जाणाऱ्या मराठी माणसाने तेथील वस्तुसंग्रहालय पाहिले नाही, असे सहसा घडत नाही. १८७२ मध्ये खुल्या झालेल्या या संग्रहालयास १९७५ मध्ये ज्यांचे नाव देण्यात आले, ते डॉ. भाऊ दाजी लाड पुराणवस्तूंचे अभ्यासक म्हणून सर्वांस ठाऊक आहेत. परंतु सुवर्णमहोत्सवाच्या या मंगल प्रसंगी आम्हांस त्यांचे स्मरण होते ते वैद्य म्हणून.

भाऊंचे मूळ नाव रामचंद्र विठ्ठल लाड. गोव्याच्या पेडणे भागातील एका गरीब कुटुंबात त्यांचा जन्म झाला. पोटापाण्यासाठी हे कुटुंब मुंबईस आले. गाव सोडून परमुलखात बिऱ्हाड थाटणे म्हणजे काय, हे आम्हां मंडळींस वेगळे सांगावयास नको. वडील मातीच्या बाहुल्या विकीत. मुलाचे बुद्धिबळातील कौशल्य पाहून प्रसन्न झालेल्या गव्हर्नरसाहेबांनी त्यास इंग्रजी शिक्षण देण्याचा सल्ला दिला, असे सांगतात. पुढे एल्फिन्स्टन संस्थेत शिकून भाऊ तेथेच शिक्षक झाले. कच्छ-काठेवाडातील बालकन्याहत्येवरील निबंधास त्यांना ६०० रुपयांचे पारितोषिक मिळाले.

१८४५ मध्ये मुंबईस ग्रँट वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. त्याच्या शेजारचे रुग्णालय सर जमशेटजी जीजीभाई यांच्या १ लक्ष रुपयांच्या देणगीतून आणि कंपनी सरकारने घातलेल्या तेवढ्याच भरीतून उभे राहिले होते. भाऊ या महाविद्यालयाच्या पहिल्या तुकडीचे विद्यार्थी. पुढे ते उत्तीर्ण झाले. लवकरच त्यांचा खाजगी व्यवसाय भरभराटीस आला आणि शहरातील धनिक त्यांच्या हातगुणाचे चाहते झाले.

येथेच त्यांचे वेगळेपण दिसून येते. श्रीमंतांकडून मिळणारे धन त्यांनी तिजोरीत कोंडून ठेवले नाही. बंधू डॉ. नारायण दाजी यांच्यासह त्यांनी धर्मार्थ दवाखाना चालविला आणि गोरगरिबांस विनामूल्य औषधोपचार दिले. ज्यास समाज उंबरठ्यावरही उभा करीत नसे, त्या महारोग्यासाठी कडू कवठाच्या बियांच्या तेलाचे प्रयोग केले. औषधाची कृती त्यांनी दीर्घकाळ उघड केली नाही, याबद्दल त्यांच्यावर टीकाही झाली. आमच्या मते ती टीका निराधार नव्हती. कारण रोग्याच्या उपयोगी पडणारे ज्ञान झाकून ठेवणे हाही एका परीने दरवाजा बंद करणेच होय. थोरांच्या चरित्रातील अशी स्थळे झाकण्यात आम्हांस स्वारस्य नाही.

अर्थात भाऊंचे औदार्य वैद्यकापुरते नव्हते. १८५२ च्या बाँबे असोसिएशनचे ते चिटणीस होते; स्त्रीशिक्षणास त्यांचा पाठिंबा होता; भगवानलाल इंद्रजींसारख्या संशोधकास त्यांनी स्वखर्चाने शिलालेखांच्या शोधार्थ दूरदूर पाठविले. १८६९ आणि १८७१ अशी दोनदा त्यांना मुंबईच्या नगरपालपदाची, म्हणजे शेरीफपदाची, मानाची वस्त्रे मिळाली.

तथापि १८६५ मध्ये अमेरिकेतील यादवी युद्ध संपले, कापसाचे भाव कोसळले आणि मुंबईचा शेअरबाजार बुडाला. त्यात भाऊंचीही संपत्ती गेली. अखेरच्या दिवसांत त्यांना पक्षाघाताने गाठले आणि ३१ मे १८७४ रोजी त्यांनी देह ठेवला.

या चरित्रातून आम्ही काय घ्यावे? परक्या शहरात मध्यरात्री आजारी माणसास घेऊन रुग्णालयात जावे आणि आधी अनामत भरा असे शब्द कानी पडावेत, हा प्रसंग आपल्यापैकी कित्येकांनी अनुभवला असेल. वैद्यासही संसार आहे, रुग्णालयासही खर्च आहे, हे आम्ही जाणतो. भाऊंनी त्यावर काढलेला मार्ग सरळ होता : ज्यास परवडते त्याने द्यावे, म्हणजे ज्यास परवडत नाही त्यास परत जावे लागणार नाही. पण एका माणसाची थैली १८६५ सारख्या एखाद्या वर्षी रिकामी होते. जमशेटजींच्या रुग्णालयासारखी संस्था मात्र देणाऱ्याच्या पश्चातही टिकते. म्हणूनच केवळ दयेवर विसंबून भागत नाही. अपघातग्रस्तास तातडीचे उपचार देणे हे प्रत्येक वैद्याचे कर्तव्य आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये बजावले; आणि सरकारी रुग्णालयाने निकडीचे उपचार नाकारणे हा जगण्याच्या हक्काचा भंग होय, असा निर्णय १९९६ मध्ये पश्चिम बंगालमधील प्रकरणात दिला.

कायदा आहे, तो ठाऊक असणारा, रात्री-अपरात्री सोबत येणारा माणूस हवा. अनोळखी गावात असा माणूस मिळावा म्हणूनच तर मंडळे असतात. भाऊंच्या स्मृतीस यापरते दुसरे अभिवादन ते कोणते?